पाठीवरची जागा

कोमल वजनकाट्यावर नेहमी पाठमोरी उभी राहायची. आकडा मागे आणि हिचं तोंड भिंतीकडे. मग विचारायची, "आक्का, किती दावतंय?" मी आकडा सांगितला, की खांद्यावरच्या कुणाशी बोलावं तशी मान वळवून हळूच म्हणायची, "थोरले, उतर की गं जरा." आणि माझ्या डोळ्यांदेखत काटा अर्धा किलो खाली यायचा.

पहिल्यांदा मी काट्यालाच शिव्या घातल्या. मी उभा जन्म मातीत कुस्त्या खेळलेली बाई. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांना मी तालमीच्या दारातूनच परत पाठवते. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तर तो म्हणाला, काट्यात काही खोट नाही. मग मी हट्टाने नवा काटा आणला. नव्यावरही तेच! त्यानंतर मी त्या विषयात डोकं घालणं सोडून दिलं.

ती बिद्रीकडच्या एका खेड्यातली. वडील साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर कामाला. माझ्याकडे आली ती कुस्ती शिकायला, पण मोबाइलवर पिंजऱ्यातल्या लढती बघून तिने मिश्र मार्शल आर्ट्सचं खूळ घेतलं. त्यात बायकांचा सगळ्यात हलका गट म्हणजे ॲटमवेट. काटा सत्तेचाळीस किलो सहाशे ग्रॅमच्या वर गेला, की बाहेर. "ॲटम? म्हणजे दिवाळीतला काय गं?" मी चिडवलं. "व्हय आक्का," ती म्हणाली. "असतोय बारकाच, पर अख्खी गल्ली जागी करतोय."

घरचे तिला धाकली म्हणत. थोरली मात्र मी कधी पाहिली नव्हती, म्हणून एकदा विचारलं. हाताला पट्टी गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "जुळ्या हुतो आमी. ती माझ्या आधी आली आन बारशाच्या आधी गेली. नाव ठेवायचं ऱ्हायलंच. मग माझ्याच पाठीवर बसती ती. जाणार तरी कुठं?"

तीच पुढे म्हणाली, "आबा काय करत्यात, आधी भरली गाडी मोजत्यात, मग रिकामी. मधला फरक त्यो ऊस. माझ्यातला फरक थोरली."

हे ती इतक्या साधेपणाने बोलायची, की अंगावर काटा यायला जरा उशीरच व्हायचा.

पण खरी गंमत सरावात होती. या खेळात समोरच्याच्या पाठीवर चढून गळ्याला हाताचा विळखा घातला, की लढत संपली. कोमलच्या पाठीवर कुणालाही, अगदी तिच्या दीडपट वजनाच्या मुलींनाही, चढता यायचं नाही. चढली की घसरायचीच. कागलची एक दांडगट पोरगी होती, ती एकदा पांढरीफटक होऊन खाली आली. "आक्का, हिच्या पाठीला कोन तर हाय. मला कोपरानं ढकाललं," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून कबड्डीला गेली. कोमल हसली. "पाठीवर जागाच न्हाय, तर ती बसणार कुठं?" ती दोरीवरच्या उड्या मारून थांबली, की रिकाम्या तालमीत धापा ऐकू यायच्या. दोघींच्या. मी मुद्दाम मोठ्याने रेडिओ लावायची.

मग ती लढत ठरली. जिंकली असती तर परदेशातल्या स्पर्धेचं दार उघडणार होतं. कोमलचं सगळं आयुष्य त्या एका लढतीत होतं. लढत शहराबाहेरच्या एका मंगल कार्यालयात. आदल्या दिवशी वजनं व्हायची होती. स्टेजवर कुणाच्या तरी लग्नाचे सुकलेले झेंडू तसेच लटकत होते आणि मधोमध काटा. कोमलने पाणीसुद्धा तोडलं होतं, ओठ फुटले होते. पाठमोरी उभी राहिली. अर्धा किलो जास्त.

मी वाट पाहिली. ती काही बोलेना. "म्हण की," मी म्हणाले.

"हितं नगं, आक्का. एवढी गर्दी. उतरली आन हरवली तर?"

पंचांनी तासाभराची मुदत दिली. पण तिच्या अंगात घाम उरलाच नव्हता, गाळणार काय? मुदत संपत आली तसा माझा जीव तुटायला लागला. मी हसले, लहान लेकराला घेतात तसे हात मागे करून वाकले आणि म्हणाले, "उतरव तिला. तवर मी घेतो पाठुंगळी. पैलवानाची पाठ हाय माझी."

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग काट्यावर चढून पुटपुटली, "थोरले, उतर."

आकडा उतरला. टाळ्या पडल्या. माझ्या मानेला गार लागलं. वर पंखा होता.

स्टेजच्या मागे जाऊन ती "चढ, थोरले, चढ" म्हणत राहिली. मला विचारलं, "आक्का, तुमच्याकडं हाय का?" मी खांदे झाडून बघितले. "न्हाय गं, काय न्हाय." खरंच काही जाणवत नव्हतं.

लढतीत ती सुरुवातीला भारी पडली. मग समोरची तिच्या पाठीवर चढली, लेकरू आईच्या पाठीवर चढतं तितक्या सहज. "झटक! झटक तिला!" मी ओरडत होते. कोमलने झटकलं नाही. मान वळवली आणि हसली. गळ्याभोवती विळखा आवळला तरी ती हसतच होती, पार शुद्ध जाईपर्यंत.

"मला वाटलं, ती आली," डोळे उघडल्यावर एवढंच म्हणाली.

त्यानंतर ती खेळली नाही, गावी गेली. तिची आई सांगायची, त्या कार्यालयात लग्न असलं की ही बोलावणं नसताना जाते, मागच्या खुर्चीवर बसते आणि स्टेजकडे बघत राहते.

गेल्या आठवड्यात गगनबावड्याची एक नवी पोरगी आली. कोमलचं नावही तिने ऐकलेलं नव्हतं. डाव दाखवायला मी गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "चढ पाठीवर." ती चढली, घसरली. परत चढली, परत घसरली. मग हात झाडत म्हणाली, "आक्का, जागाच न्हाय की हो!"

मी तशीच उठले. मग पोरींना घरी पाठवलं आणि कोमलला फोन लावला.

"धाकले, आता त्या कार्यालयात जाऊ नगं," मी म्हणाले. "थोरली हितं हाय. माझ्याकडं."

पलीकडून बराच वेळ नुसती धाप ऐकू येत होती. एकटीची.

"जड हाय का, आक्का?" तिने विचारलं.

"न्हाय गं," मी म्हणाले. "लई हलकी हाय."