हेगडे सरांची शेवटची मॅच

आमच्या शाळेत हरवलेले डबे आणि किस्से यांचा साठा कधी संपत नाही. डबे निदान पालक येऊन घेऊन जातात, किस्से मात्र आमच्याच गळ्यात! आनेकल रोडवरच्या या शाळेत मी बरीच वर्षं गणित शिकवतोय, पण यंदाच्या टीचर्स विरुद्ध स्टुडंट्स फुटबॉल मॅचने अगदी कहर केला.

आमचे कॅप्टन केमिस्ट्रीचे हेगडे सर. मार्चमध्ये रिटायर होणार. दरवर्षी ही मॅच खेळले आणि दरवर्षी हरले. "एकदा, फक्त एकदा या पोरांना हरवायचंय. मग खुशाल घरी बसतो," त्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं. इतकं मनापासून बोलले, की कोणी हसलं नाही.

*

शाळा सुटल्यावर प्रॅक्टिस ठरली. पहिल्या दिवशी ग्राउंडला एक राउंड मारला आणि कँटीनमध्ये कॉफी प्यायलो. दुसऱ्या दिवशी राउंड राहून गेला.

"अहो, मॅच शनिवारी आहे!" हेगडे सर कळवळून म्हणाले.

आम्हालाही वाईट वाटलं हो. तिसऱ्या दिवसापासून कॉफी ग्राउंडवर मागवायला लागलो.

*

गोलकीपर होत्या बायोलॉजीच्या पाटील मिस. मूळच्या निपाणीच्या, आवाज खणखणीत. मॅच सुरू होते न होते तोच दहावीचा एक पोरगा बॉल घेऊन सुसाट आला. मिस जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

"काय रे, जर्नल कुठाय तुझं?"

पोरगा जागीच थबकला. "सोमवारी देतो मिस, नक्की!"

मिसनी शांतपणे वाकून बॉल उचलला. थोड्या वेळाने दुसरा आला. त्याचं जर्नल पूर्ण होतं, त्याने गोल मारला!

*

हाफटाइममध्ये स्ट्रॅटेजी ठरवायला गोल करून बसलो, आणि बघता बघता त्याची स्टाफ मीटिंग झाली. प्रत्येकाने आपापला मुद्दा मांडला. दोघं रुसले. एकाने बसच्या वेळेचा विषय काढला. शिट्टी वाजली तेव्हा "यावर पुढच्या मीटिंगमध्ये बोलू" एवढंच ठरलं होतं.

*

सेकंड हाफमध्ये आमचा पहिला गोल झाला. मी मारला! म्हणजे मी पाठमोरा उभा राहून घाम पुसत होतो, बॉल पाठीवर आदळला आणि थेट आत. मी वळून बघेपर्यंत एक-एक!

मी ऐटीत हात वर केले, तर माझाच वर्ग ओरडायला लागला, "सर, नुसतं उत्तर चालणार नाही! स्टेप्स दाखवा!"

कार्टी रोज माझ्याकडूनच ऐकतात ना हे.

*

मॅच संपत आली. हेगडे सर बॉल घेऊन धापा टाकत गोलपाशी पोचले. समोर प्रज्वल. स्कूल टीमचा डिफेंडर, याला चुकवून पुढे जाईल असा माणूस आमच्यात नाही. त्याने पाय घातला आणि एकदम थांबला. खाली वाकला, सरांच्या बुटाला हात लावला आणि तो हात डोळ्यांना लावला.

"सॉरी सर, पाय लागला."

सरांचा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला. "असू दे रे बाळा, मोठा हो." आणि एवढं म्हणता म्हणता त्यांनी उजव्या पायाने बॉल ढकलला. पोरांचा गोलकीपर आशीर्वाद बघण्यात गुंग. गोल!

पोरांनी एकच गिल्ला केला. "हा कसला गोल? फाऊल!"

रेफरी होते पीटीचे लोकेश सर. "आशीर्वाद फाऊल नसतो!" म्हणाले आणि मॅच संपल्याची शिट्टी वाजवून मोकळे झाले.

हेगडे सर ग्राउंडमध्येच मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. तिकडे प्रज्वलला टीमवाले शिव्या घालत होते. तो मान खाली घालून बुटाची लेस बांधत होता.

गोलपाशी सर आणि तो समोरासमोर आले होते, तेव्हा मी अगदी शेजारी उभा होतो. पाय लागलाच नव्हता.