मऊ भिंत

उत्तर कॅरोलिनातल्या आमच्या गावचा मोटारशर्यतींचा मातीचा अंडाकृती ट्रॅक डांबरी झाला आणि त्याची वळणं छपरासारखी उतरती केली, तेव्हा वळणावरच्या काँक्रीटच्या भिंतीला गाडीचा धक्का झेलणारं पोलादाचं आणि फोमचं अस्तर डेल्मरनं बसवलं. त्याचा धाकटा भाऊ रॉस्को तिथे शर्यती जिंकायचा. डेल्मरची बायको ओपलसुद्धा बाकावर उभी राहून रॉस्कोच्या नावानं ओरडायची. डेल्मर आतल्या आत जळायचा.

एका रविवारी रॉस्कोची गाडी भिंतीवर आदळली. डेल्मरला क्षणभर बरं वाटलं, मग तो जिवाच्या आकांतानं धावला.

रॉस्को खिडकीतून आपला आपणच बाहेर आला. "दादा, भिंत मऊ निघाली!"

"मीच बसवलीय ती, गाढवा!"

टाळ्यांच्या कडकडाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. सगळे रॉस्कोसाठी उभे राहिले होते, ओपलही. डेल्मरनं काही टाळी वाजवली नाही.