भोवत्यांचा मुक्काम

देवमन तायडेला फोटो काढायला तहसील कचेरीने शिकवलं.

तो खैरगव्हाणचा कोतवाल. सरकारने अलीकडे या पदाचं नाव महसूल सेवक केलं, पण गावाच्या तोंडी कोतवालच राहिलं. अकोटहून एस.टी.ने पाऊण तासाच्या अंतरावर, खारपाणपट्ट्यात हे गाव आहे. विहिरींना पाणी आहे पण ते खारं, माती काळी आणि खोल. गारपीट झाली की देवमन तलाठ्यासोबत वावरावावरातून फिरे, आडव्या पडलेल्या पिकाचे फोटो काढी. फोटोच्या खाली गावाचं नाव, अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ उमटलीच पाहिजे, असा नियम. एकदा नुसता फोटो पाठवला म्हणून साहेबांनी त्याला चिखलातून पाच किलोमीटर परत पाठवलं होतं. तेव्हापासून त्याच्या मोबाइलमध्ये ठसा उमटवणारा तो एकच कॅमेरा राहिला. संध्याच्या, म्हणजे त्याच्या लेकीच्या, वाढदिवसाच्या फोटोखालीसुद्धा अक्षांश-रेखांश होते.

गावाच्या दक्षिणेला नव्वद एकर ई-क्लास आहे. ई-क्लास म्हणजे सरकारी पडीक जमीन, गावाच्या गुरांची चराई. दिवाळी सरली की तिथलं गवत छातीला लागतं आणि उन्हात सोनेरी होतं. चालणाऱ्याच्या पायजम्याला कुसळं अशी धरतात की घरी येऊन तासभर वेचत बसावं. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात अतिक्रमणाची हद्द पाहायला गेलेला देवमन तिथे एका सांजेला अडकला, आणि त्याने ते पक्षी पाहिले.

सूर्य टेकला होता. गवतावरून, अगदी हातभर उंचीवरून, एक राखाडी पक्षी तरंगत आला. पंख किंचित वर उचललेले, टोकं काळी, जणू शाईत बुडवलेली. त्याच्या मागे एक तपकिरी मादी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. मग आणखी. चहूकडून येत होते, गवतावर गोल गोल भोवत होते आणि एकेक करून खाली उतरत होते. झाड जवळ असूनही एकही झाडावर बसला नाही. सगळे जमिनीवर, गवतात झोपायला.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर तो तिथे गेला. जागोजागी गवत दाबून ताटलीएवढ्या बैठका झालेल्या, आणि बैठकीजवळ बोटाच्या पेराएवढ्या करड्या गोळ्या. त्याने एक खिशात घातली.

देवमन बारावीपर्यंत शिकलेला. पुढचं शिक्षण त्याने मोबाइलवर केलं, एकेक शब्द शोधत. हे भोवत्या पक्षी. उन्हाळ्यात कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत अंडी घालतात, हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे येतात. जे पचत नाही ते पोटात गोळी करून तोंडाने बाहेर टाकतात. गोळी वाटीभर पाण्यात भिजवली, सुईने उकलली, तर आत काळे, चकचकीत, वाकडे तुकडे. ते नाकतोड्यांचे जबडे निघाले. नाकतोड्याचं सगळं अंग विरघळतं, पण जबडा टिकतो. दोन जबडे म्हणजे एक नाकतोडा.

"माह्या वाटीत?" पौर्णिमा, त्याची बायको, म्हणाली. "माह्या खायच्या वाटीत पाखराची ओक भिजू घातली तुमी?"

"धुतो ना मी."

"ते आता तुमचीच वाटी. चहा बी तिच्यातच प्या."

त्यानंतर देवमनचा ब्लॉग सुरू झाला. आधी त्याने पाली, सरडे, मुंगळे, बांधावरच्या मुंगसाबद्दल लिहिलं. अंगठ्याने टाइप करी, हळू, एक परिच्छेद तीन संध्याकाळी. कोणी शाळेत शिकवल्यासारखं नसे ते. वाचणाऱ्याला वाटे आपणच शेताच्या धुऱ्यावर उकिडवे बसून बघतो आहोत. दोन हिवाळे त्याने भोवत्या नुसते मोजले आणि वहीत मांडले. तिसऱ्या डिसेंबरात खात्री झाल्यावर लिहिलं. एका सांजेला चौसष्ट. सोबत सात फोटो.

तो लेख महाराष्ट्रभर फिरला.

पहिल्या रविवारी चार गाड्या आल्या. दुसऱ्या रविवारी अकरा. नागपूर, पुणे, नाशिक अशा पाट्या. लोक चांगले होते, गोड बोलत होते, आणि गवतात गाड्या घालत होते. एकाने पक्षी उडताना फोटो हवा म्हणून जोरात टाळ्या वाजवल्या. एकाने ड्रोन सोडला. सरपंच गोवर्धन ई-क्लासकडे जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी उभा राहून गाड्यांना वाट दाखवत होता, छाती पुढे काढून. देवमन मोजतच होता. चौसष्टचे एकेचाळीस झाले. मग नऊ. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तीन सांजा ओळीने शून्य.

तो तडक पानठेल्यावर गेला. गोवर्धन तिथेच होता.

"सरपंच, गाव दाखवासाठी तुमी पाखरं घालवले."

"म्या?"

"मंग कोनं? लेखात म्या गावाचं नावच नाई लिहिलं. एका अक्षरानं नाई. लोकाइले कसं मालूम झालं? तुमीच सांगतलं."

गोवर्धनचा चेहरा उतरला. पंधरा-वीस लोक ऐकत होते. "देवमन, तू लिहिते तं आमी कौतुक केलं," एवढंच तो म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारून गेला.

त्याच आठवड्यात नागपूरचे एक फोटोवाले रिकाम्या ई-क्लासवर उभे दिसले. देवमनने त्यांना विचारलं, तुम्हाला ही जागा सांगितली कोणी? त्यांनी मोबाइल पुढे केला. देवमनचाच फोटो. सूर्यास्त, गवत, राखाडी नर. आणि खाली, पांढऱ्या अक्षरात, खैरगव्हाण, तालुका अकोट, अक्षांश, रेखांश, दशांशानंतर सहा आकडे.

"तुम्हीच तर पत्ता दिलाय, दादा. अगदी त्या झाडापर्यंत आणून सोडतो."

देवमनने बाकीचे फोटो उघडून पाहिले. सात फोटो, सातही पंचनाम्याच्या कॅमेऱ्यातले.

त्या रात्री तो जेवला नाही. सकाळी उठला तेव्हा त्याने काय करायचं ते ठरवलं होतं. आधी ब्लॉगवरचे सगळे फोटो काढून टाकले, मुंगळ्यांचेसुद्धा. ज्यांनी ज्यांनी ते पुढे पाठवले होते त्यांना एकेकाला लिहिलं, की खालची पट्टी कापा. काहींनी कापली, काहींनी उत्तर दिलं नाही. मग गोवर्धनच्या घरी न जाता तो पानठेल्यावर गेला, कारण आरोप तिथे केला होता. संध्याकाळच्या गर्दीची वाट पाहिली.

"सरपंच, चूक माही होती. तुमची नव्हती. पत्ता म्याच देल्ला." आणि मोबाइल काढून सगळ्यांना तो फोटो दाखवला.

गोवर्धनने तोंडातली सुपारी थुंकली. "एवढ्या लोकाइत सांगाले आला तू?"

"आरोप बी एवढ्याच लोकाइत केला होता."

पक्षी त्या साली परतले नाहीत. पुढच्या नोव्हेंबरात ते पुन्हा उतरतील का, ही एकच गोष्ट मग देवमनच्या डोक्यात राहिली. ते आले तर त्यांना गवत उभं सापडलं पाहिजे आणि माणूस सापडता कामा नये. गवत मात्र दर दिवाळीनंतर गाव थोडं थोडं कापून नेई. ज्याच्या घरी गुरं, त्याचा विळा. बापजाद्यांपासून चाललेलं.

ऑगस्टच्या ग्रामसभेत गोवर्धनने वेगळाच विषय मांडला होता: पक्षी दर्शन केंद्र, सिमेंटचा मनोरा, कमान. देवमन उठला. त्याच्या हातात स्टीलचं ताट, ताटात पांढरा कागद, कागदावर डिंकाने चिकटवलेले जबड्यांचे ठिपके, ओळीने.

"सात गोळ्याइतून एकशे अठ्ठेचाळीस निंगाले. म्हंजे चौऱ्याहत्तर नाकतोडे."

खुशालरावांनी ताट हातात घेतलं. गावातले जुने, तीस एकरांचे शेतकरी. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "देवमन, तुनं तं नाकतोड्याइची बत्तीशीच आणली बे!"

सभा हसली. देवमनही हसला, पण बसला नाही.

"मंग आमी फवारा बंद कराव?" मागून कोणी विचारलं.

"नाई. तसं मी म्हणत नाई. तुमच्या हरभऱ्याले किती फायदा होते ते मले मालूम नाई. मी सात गोळ्या पाह्यल्या, सात हजार नाई. पण ज्या पाखराले जगात कुठीबी उतरता येते, ते आपल्या गवतात उतरून राह्यलं होतं. माह्या चुकीनं गेलं. मले मधलं बारा एकर होळीपर्यंत उभं पाह्यजे. अन् पांदणीवर आडवा चर."

"अन् कमान?" गोवर्धन म्हणाला.

"कमान बांधली तं पाखरू कमानीखालून येत नाई, सरपंच."

गोदाबाई उठल्या. चार गाई, एक म्हातारी सासू आणि वावराचं नाव नाही. त्यांची सगळी भिस्त ई-क्लासवर. "होळीनंतर ते गवत राह्यते का रे? काड्या राह्यतात. माह्या गाईनं काय तुह्या ताटातले जबडे खावं?"

आता कोणी हसलं नाही. देवमनने याचं उत्तर आधी शोधलं नव्हतं. "काठाचं सारं तुमचं, गोदामाय. अन् जे कमी पडन ते मी आणून देतो. नाल्याकाठी बक्कळ गवत हाय, दूर हाय म्हणून कोणी जात नाई. रोज सकायी एक भारा. होळीपर्यंत."

"रोज?"

"रोज."

"पाहू बावा," त्या म्हणाल्या आणि बसल्या. खुशालरावांनी हात वर केला, मग बाकीच्यांनी. गोवर्धनने शेवटी केला, पण केला.

चर खणायला पौर्णिमा आणि देवमन दोघंच होते पहिले आठ दिवस. पावसाळ्याने भिजलेली काळी माती फावड्याला चिकटे, फावडं शेरभर जड होई. "कोतवाली करून पोट भरत नव्हतं म्हणून खंदक खंदाले लावलं मले," पौर्णिमा म्हणे, आणि त्याच्यापेक्षा जास्त खणे. नवव्या दिवशी गोवर्धन दोन माणसं घेऊन आला. थेट चरात उतरला.

नोव्हेंबर लागला. देवमन पहाटे उठून नाल्याकडे जाई, भारा कापून डोक्यावर आणी, गोदाबाईंच्या गोठ्यात टाकी. संध्याकाळी कचेरीतून सुटला की चराच्या अलीकडे, बाभळीआड पालथा पडून राही. पहिली सांज, शून्य. पाचवी, शून्य. बारावी, शून्य. वहीत एकाखाली एक शून्यं उतरत गेली.

"आले का?" गोदाबाई रोज भारा घेताना विचारत.

"नाई."

"मंग कायले आणते भारा? कापू दे आमाले गवत."

"होळीपर्यंतचं बोललो ना."

विसाव्या सांजेला एक तपकिरी मादी आली. एकटी. गवतावरून तीन फेऱ्या मारल्या आणि ती उतरली. तेविसाव्या सांजेला चार. डिसेंबरच्या मध्याला एकतीस. चौसष्टच्या निम्मेही नाहीत, पण सारी पाखरं झोपत होती, निवांत, आणि सकाळी उठून जात होती. ब्लॉगवर त्याने एक ओळही लिहिली नाही.

खुशालरावांना ते खटकलं. "अबे, एवढं केलं गावानं, अन् गावाचं नाव नाई कुठी? कोणाले कसं कयन?"

"नाई कयनार, काका."

"हे तं अजब झालं," म्हातारा पुटपुटत गेला.

आणि मग ख्रिसमसच्या सुटीत, दुपारी चारला, देवमनच्या दारात गाडी थांबली. नागपूरचे एक डॉक्टर, सोबत बायको, मागच्या सीटवर हातभर लांब लेन्स. भले गृहस्थ. खिशात तोच जुना फोटो, खालच्या पट्टीसकट. कोणीतरी न कापता जपलेला. चरापाशी गाडी अडली म्हणून विचारत विचारत घरी आले होते.

"देवमनभाऊ, तुमचे सगळे लेख वाचलेत मी. मुंगसाचा तर मुलीला वाचून दाखवला. आहेत ना यंदा?"

देवमनला खोटं बोलता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर ते गेले असते.

"हायत," तो म्हणाला. "पण दाखवत नाई."

डॉक्टर हसले, त्यांना थट्टा वाटली. मग हसू मावळलं. "अडीचशे किलोमीटर आलो हो. लांबून पाहू. गाडी इथेच ठेवतो."

"लांबूनच पाह्यत होते सारे. बसा. पौर्णिमा, पोहे टाक."

अशा वेळी वऱ्हाडात माणूस फार अडचणीत येतो. दारी आलेल्याला नाही म्हणायची जीभ आपल्याला नसते. देवमनने पोहे दिले, चहा दिला, संत्री सोलून दिली. डॉक्टरांनी दोनदा विषय काढला, दोनदा त्याने नकाराची मान हलवली. मग त्याने ती वाटी आणली, कोरडी गोळी पाण्यात टाकली, सुई डॉक्टरांच्या बायकोच्या हातात दिली. "उकला. हळूहळू." दोघं वाकून बसली. पहिला जबडा निघाला तेव्हा बाई लहान मुलीसारखी ओरडली. डॉक्टरांनी आपला मोठा कॅमेरा बाजूला ठेवून चष्मा पुसला.

भिंतीवरचं ऊन तांबूस झालं. देवमनने ते पाहिलं. याच घडीला तिकडे पहिला पक्षी गवतावर भोवत असेल. पन्नास दिवसांत त्याने एक सांज चुकवली नव्हती. पण आज उठून त्या दिशेने दोन पावलं टाकली असती, तर पाहुणेही मागोमाग उठले असते. तो बसून राहिला. वाटीत पाणी घातलं. सव्वीस, सत्तावीस, डॉक्टर मोजत होते.

अंधार पडल्यावर ते निघाले. डॉक्टर गाडीत बसताना म्हणाले, "तुम्ही फार हट्टी आहात."

"हाव जी," देवमन म्हणाला.

गाडीचा उजेड वेशीबाहेर गेला. त्याने वही काढली, तारीख घातली, आणि आकड्याच्या रकान्यात लिहिलं: मोजले नाहीत. घरी पाहुणे होते. मग विळ्याला धार लावायला बसला. सकाळी भारा न्यायचा होता.