केबल गेली आहे हे आम्हालाही दिसते

त्या दिवशी भर दुपारी केबल गेली तेव्हा आमच्या इमारतीत कोणालाच काही वाटलं नाही. मार्च महिना, दहावीचे पेपर तोंडावर आलेले. शेजारच्या गॅलरीतून लेलेकाका वर्तमानपत्राची घडी घालत मला म्हणाले, "दिगंबररावांनी परीक्षा लावलेली दिसतेय." घरात सासूबाई निळ्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या. रात्रीची मालिका दुपारी पुन्हा दाखवतात, ती त्यांची ऐन रंगात आलेली अर्धी राहिली होती. "मेल्याला म्हातारीची दया नाही," असं म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मी वाळलेले कपडे काढायला गेले. आमच्या डोक्यावर, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, त्या वेळी दिगंबर कानडे, आमचा केबलवाला आणि माझा शाळेपासूनचा मित्र, जमिनीवर पडलेला होता. हे आम्हाला चहाच्या वेळी कळलं. आता दीड महिना होत आला, तरी हे लिहिताना मी दुसऱ्याच कोणाबद्दल लिहितेय असं वाटतंय…

दिगू आणि मी शनिवार पेठेतल्या एकाच शाळेत, एकाच वर्गात होतो. मधल्या सुट्टीत बाकीची मुलं मैदानात धुमाकूळ घालायची, तेव्हा हा बाकावर बसून कोणाच्या तरी घरचा बंद पडलेला रेडिओ उघडायचा. पुढे हडपसरकडे टीव्ही बनवणाऱ्या एका कंपनीत लागला, लग्न झालं, शुभासारखी शांत बायको मिळाली, सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं. मग देशात खुल्या बाजाराचं वारं आलं. बाहेरचे रंगीत, चकचकीत टीव्ही दुकानांत दिसू लागले आणि दिगूच्या कंपनीच्या गेटला कुलूप लागलं. काही दिवस तो घरी बसून नुसते पत्ते पिसत होता. त्याच्याशी काय बोलावं ते कोणाला कळत नव्हतं. आणि एक दिवस स्वारीने जुना व्हीसीआर आणि काळ्या वायरचं भलंमोठं भेंडोळं आमच्या जिन्यातून वर नेलं. गच्ची आमच्या इमारतीची, कारण पेठेत तेव्हा तीच सगळ्यांत उंच. दिगू राहायचा दोन इमारती सोडून.

वायर टाकायला त्याने माणूस ठेवला नाही. स्वतः या गच्चीवरून त्या गच्चीवर जायचा, कठड्यावरून मांजरासारखा चालायचा. खालून बायका डोळे झाकून घ्यायच्या. मग वरून त्याचा आवाज यायचा, "दिसतंय का?" खालून कोणीतरी ओरडायचं, "मुंग्या आहेत!" थोड्या वेळाने पुन्हा, "आता?" एकदा लेलेकाका म्हणाले, "आता एकेका माणसाच्या जागी दोन-दोन दिसतायत हो!" त्यावर वरून उत्तर आलं, "त्यातला एकच बघा." पेठेत हे वाक्य पुढे कितीतरी दिवस चाललं. नंतर टेम्पोतून डिश अँटेना आली तेव्हा काकांनी उट्टं काढलं. "दिगंबरराव, एवढ्या परातीत कोणाच्या लग्नाची कणीक मळताय?" दिगूने शांतपणे सांगितलं, "तुमच्या. दुसऱ्या."

शनिवारी त्याचा सिनेमा असायचा. आमच्या स्वयंपाकघरातली झाकपाक झाल्याशिवाय तो सुरू करायचा नाही. बायकांचा सुरुवातीचा भाग चुकतो, हे त्याला शुभाने एकदाच सांगितलं होतं. गल्लीत सगळ्या खिडक्यांतून एकच गाणं ऐकू यायचं. नाक्यावरच्या भेळवाल्याने शनिवारी गाडी उशिरापर्यंत ठेवायला सुरुवात केली, मध्यंतरात पोरं पातेली घेऊन पळायची. पण दिगूची खरी मजा सिनेमात नव्हती, ती पडद्याच्या खालून सरकणाऱ्या पट्टीत होती. वाढदिवस, बारसं, हरवलेली किल्ली, कोणाकडे पेइंग गेस्टची जागा रिकामी, सगळं त्या पट्टीवर यायचं, आणि खाली सही असायची 'व्यवस्थापन'. व्यवस्थापन म्हणजे बनियनवर बसलेला एकटा दिगू. कोपऱ्यावरच्या फराळाच्या दुकानदाराने जाहिरात दिली, तर दिगूने पट्टी लावली, 'आजची चकली मऊ पडली आहे. उद्या घ्यावी.' दुकानदार तणतणत गच्चीवर गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात चकली पुरली नाही, तेव्हा त्याने गुपचूप दिगूला पुडा पाठवला.

तक्रारी मात्र त्याला अजिबात खपायच्या नाहीत. सुरुवातीला त्या खोलीत फोन होता. जरा चित्र हललं की लोक फोन करायचे, हा वायर शोधत असायचा आणि घंटा वाजत राहायची. मग एके दिवशी पट्टी आली, 'केबल गेली की फोन करू नये, वर येऊ नये. केबल गेली आहे हे आम्हालाही दिसते. व्यवस्थापन.' आणि त्याने फोन काढूनच टाकला. लोक चिडले, हसले, आणि पुणेकरच ते, मनातून खूष झाले. आपला केबलवाला कसा तोडून बोलतो, हे पाहुण्यांना कौतुकाने सांगू लागले. केबल गेली की आम्ही गप्प बसायला शिकलो. जायची तशी ती यायचीही. अलीकडे शुभाने मोबाइल घ्या म्हणून किती मागे लागावं? "खिशात तक्रारपेटी घेऊन कोण फिरणार?" हे त्याचं उत्तर ठरलेलं.

आणि परीक्षा! ज्या घरात दहावी-बारावी असेल त्या घरची आई फेब्रुवारीत जिना चढायची आणि म्हणायची, "दिगूभाऊ, आमची वायर काढा." हा लगेच काढायचा. मग क्रिकेटची मॅच असली की त्याच घरचे वडील चोरपावलांनी वर जायचे, निदान शेवटच्या षटकांपुरती लावा म्हणून. दिगू म्हणायचा, "मुलाला सगळी प्रमेयं येतात का ते विचारून या, मग लावतो." पुढे आयांनी तक्रार केली, की आमची वायर काढून उपयोग काय, मुलं शेजारी जाऊन बघतात. तेव्हापासून पेपरांच्या दिवसांत त्याने सगळ्या गल्लीचीच केबल दुपारी बंद करायला सुरुवात केली. पट्टी यायची, 'ज्यांच्या घरी परीक्षा नाही त्यांनी वाचन करावे.' माझ्या मुलाने, निखिलने, त्याच बंद टीव्हीसमोर बसून अभ्यास केला. आज तो हिंजवडीला एका आयटी कंपनीत आहे, तिकडेच राहतो आणि मला विचारतो, "आई, अजून किती दिवस दिगूमामाची ती मुंग्यांची केबल बघणार? सरळ कंपनीचं कनेक्शन घे ना, एकदम क्लिअर पिक्चर."

सगळेच तसं म्हणू लागले होते. टाय लावलेली पोरं दारोदार फिरत होती, पेठेतली तरुण बिऱ्हाडं कोथरूड-बाणेरला निघाली होती, भेळवाल्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं होतं. दिगूची गिऱ्हाइकं गळत होती. त्याने त्यावरही पट्टी लावली, 'जाणाऱ्यांनी वायर परत करावी. तिच्यावर धुणं वाळत घालू नये.' पण हसता हसता मला त्याच्या चेहऱ्यावर तेच दिसायचं, जे पत्ते पिसताना दिसलं होतं. मी बँकेतून ऐच्छिक निवृत्ती घेऊन घरी बसले होते, तेव्हा रोज दुपारी आमचं एक ठरलेलं होतं. दिगू जेवण झालं की जुन्या वायरच्या तुकड्याला बांधलेली कापडी पिशवी गच्चीवरून आमच्या गॅलरीत सोडून ठेवायचा. चहाच्या वेळी मी तिच्यात झाकणाचा डबा ठेवायचे आणि वायरला एक झटका द्यायचे. पिशवी झुलत वर जायची. थोड्या वेळाने रिकामा डबा खाली, कधी त्यात चिठ्ठीसारखं एखादं पारिजातकाचं फूल, बहुतेक वेळा नुसता शेरा, वरून ओरडून, "आलं कमी होतं!"

त्या दिवशी पिशवी आलेली होती. म्हणजे जेवणानंतर तो ठीक होता. शुभा लोणी काळभोरला भाचीच्या डोहाळजेवणाला गेली होती, सकाळीच त्याचा डबा भरून. मी चहा केला, आलं मुद्दाम जास्त ठेचलं, डबा पिशवीत ठेवला आणि झटका दिला. पिशवी हलली नाही. पुन्हा दिला. मग हाक मारली. माझा पारा चढला. केबल बंद करून महाशयांनी ताणून दिलीय आणि आता चहा काय तोंडात नेऊन ओतायचा का, हेच विचारायला मी डबा हातात घेऊन जिना चढले. अगदी हेच वाक्य जुळवत चढले. दार नुसतं लोटलेलं होतं…

तो बटणांच्या बोर्डाखाली पडला होता, एक हात भिंतीकडे गेलेला. यंत्रांचे दिवे सगळे विझलेले. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, तिथे कायम पंख्यांची घरघर असायची. मी हाक मारली, हलवलं, हात हातात घेतला आणि सोडला. डबा माझ्या हातून कसा सुटला ते आठवत नाही. लेलेकाका वर आले, डॉक्टर आले. हृदय बंद पडलं, म्हणाले. दोन-तीन तास झाले असावेत. "लवकर कळलं असतं तर?" असं काकांनी विचारलं, आणि डॉक्टर बॅग बंद करत राहिले. पंधरा-सोळा पावसाळे कठड्यावरून चालताना ज्याचा पाय कधी घसरला नाही, तो माणूस सपाट फरशीवर गेला. मला अजून हे पटत नाही. रागच येतो.

दहाव्यानंतर शुभा मला घेऊन वर गेली. खोली इमारतीला रिकामी करून द्यायची होती. तिने बोर्डाकडे बघितलं आणि विचारलं, "सुमन, हे मेन बटण कोणी बंद केलं?" मी म्हटलं, आम्ही कोणी हात लावला नाही. मग ती हळूच म्हणाली, "यांनी या वर्षी परीक्षेची पट्टी लावली होती का गं?"

नव्हती लावली. पट्टी लावल्याशिवाय दिगूने आयुष्यात केबल बंद केली नव्हती. छातीत कळ आली, फोन नाही, बायको गावाला, हाक मारायला अंगात त्राण नाही. अशा वेळी सगळ्या इमारतीला वर बोलावण्याचा त्याच्याकडे एकच मार्ग होता. ऐन मालिकेच्या वेळी सगळ्यांचे टीव्ही बंद करणं. कदाचित तसं नसेलही. पडताना आधारासाठी हात गेला असेल आणि बटण खाली ओढलं गेलं असेल. शुभा म्हणते, तसंच झालं असणार. मीही तिला तसंच म्हणते. सासूबाईंना यातलं काही सांगितलेलं नाही, पण 'मेल्या' हा त्यांचा उठता-बसताचा शब्द त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून गेला आहे.

आता गल्लीत कंपनीचं कनेक्शन आलंय. चित्र स्वच्छ, पट्टी नाही, तक्रारीला फोन नंबर आहे आणि तो उचलतातही. गच्चीवरची खोली रिकामी आहे. पिशवीची वायर मात्र मी सोडवू दिली नाही, ती आमच्या गॅलरीसमोर लोंबते आहे.

परवा दुपारी पुन्हा टीव्ही गेला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. नंबर रिमोटच्या शेजारीच लिहून ठेवलेला होता. मी चपला घातल्या आणि गुडघ्यावर हात ठेवत जिना चढले. गच्चीचं दार उघडंच होतं. पलीकडे गच्चीवर लेलेकाका उभे होते, काठी टेकत, धापा टाकत. त्यांच्यामागे तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाई, हाताला कणीक तशीच. दहावीचा निकाल लागायची वाट बघणारी त्यांची केतकी अनवाणीच वर आली होती. आमच्या मागून आणखी कोणीतरी जिना चढत होतं. आमच्या इमारतीत जिन्यात भेटलं तरी 'कुठे निघालात' विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. तिथे कोणीच कोणाला काही विचारलं नाही. काकांनी पुढे होऊन त्या रिकाम्या खोलीचं दार ढकललं, आत वाकून बघितलं आणि नुसती मान हलवली.

खालून सासूबाईंचा आवाज आला, "आली हो, दिसतंय आता!" तरी खाली जायला कोणी वळलं नाही.