खलास

इथे आखातात, अल हैलमधले आमचे शेजारी एसी दुरुस्त करतात. काम झालं की हात झटकून "खलास!" म्हणायचं, ही त्यांची सवय. कोकणातले असूनही माळकरी. आमच्याकडे मासळी तळायला घेतली की यांची खिडकी धाडकन बंद!

आमच्या बोक्याची लघवी तुंबली. डॉक्टरांनी नळी घालून मोकळी केली आणि कोरडे दाणे बंद करून डब्यातलं ओलं, मासळीचं खाणं द्यायला सांगितलं. बोका त्याला तोंड लावीना. त्यातच मला कामासाठी सोहारला जावं लागलं. नाइलाजाने किल्ली शेजाऱ्यांकडे दिली.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "बोक्याचं काय?"

"खलास, वहिनी!"

मी फोन ठेवला. तशीच गाडी काढून घरी आले.

दार उघडलं तर बोका जिवंत! बशीतलं ओलं खाणं चाटत होता. समोर शेजारी मांडी घालून बसलेले. त्यांनी बशीत बोट बुडवलं आणि सरळ तोंडात घातलं.

"अहो, हे काय करताय?"

ते दचकले. "मी खाऊन दाखवल्याशिवाय तो खात नाय, वहिनी."

त्यांची तुळशीची माळ दारामागच्या खुंटीला होती.