भट्टी जोखणारा हात

आमच्या बेकरीत भट्टी तापली की नाही हे दाजी सांगायचे. उघडा हात आत धरायचा, सोसवेनासं झालं की काढायचा आणि म्हणायचं, "टाका पाव." दाजी म्हणजे मालकाच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे यजमान, म्हणून आम्हा सगळ्यांचेच दाजी. तापमापकाचं नाव काढलं की नाक मुरडायचे. मिजास होतीच, पण शोभायची.

मग पाव करपायला लागले. दाजींनी आधी लाकूडवाल्याला झापलं, मग पीठवाल्याला. शेवटी ताईंनीच त्यांचा हात पाहिला. पंजाभर फोड, आणि हे मजेत चहा पीत बसलेले.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. काही चेतापेशी कातडीची बातमी वर नेतात, काही हुकूम खाली स्नायूंकडे आणतात. दाजींच्या बातमी नेणाऱ्या पेशींचे लांब तंतू रक्तातल्या साखरेनं टोकाकडून वाळत चालले होते. आधी पाय बधिर झाले, आता हात. हुकमाच्या पेशी अजून शाबूत, म्हणून पकड पक्की. चटका बसला की हात झटकन मागे येतो, त्याचा निकाल पाठीच्या कण्यातच लागतो. पण बातमीच पोचली नाही तर निकाल द्यायचा कुणी? भट्टीपासून लांब राहा, नाहीतर हात जाईल, असं त्यांनी बजावलं.

ताईंनी भावाची विनवणी केली, यांना गल्ल्यावर बसव. मालकानं मान डोलावली, भट्टीला तापमापक बसवला आणि गिऱ्हाइकांसमोर धगधगता ट्रे दाजींच्या उघड्या हातांत दिला. "बघा आमचे दाजी. फडकं नको की चिमटा नको." लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून ट्रे काढणाऱ्याला सुट्टी, आणि ते काम दाजींकडे. इतका नीच माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दाजी मात्र खूश. ताई रोज पट्ट्या बांधताना रडायच्या, तर म्हणायचे, "भट्टीपाशी उभं राहू देतोय ना, मग झालं."

जखमा चिघळल्या. उजवा हात मनगटापासून कापावा लागला. मालक इस्पितळात आला तेव्हा दाजींनी एवढंच विचारलं, "माझी जागा कुणाला दिलीस?"

"कुणाला देणार, दाजी? डावा आहे की अजून."

दाजींचे डोळे भरून आले. त्यांनी डाव्या हातानं मेहुण्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. ताई उठून बाहेर गेल्या.