ओलिंतोची आंबट वाइन

तात्सेलेंगे म्हणजे जीभ कापणारं. इटलीच्या फ्रिउली भागातल्या आमच्या टेकड्यांवर हे काळं द्राक्ष आता कुणी हौसेने लावत नाही. पिकतं उशिरा, आणि त्याची वाइन वर्षानुवर्षं पडून राहिल्याशिवाय माणसात येत नाही. ओलिंतोकडे या वेलींची एकच ओळ होती, आणि तीही वाकडी.

ओलिंतो अडाणी नव्हता. त्याच्या पांढऱ्या वाइनसाठी उदिने शहरातून गाड्या येत. या ओळीला मात्र तो सप्टेंबर लागताच कात्री लावी. बाकीचे गावकरी ऑक्टोबर सरेपर्यंत थांबत.

"काका, पोरं अजून शाळेत जातायत आणि तुम्ही त्यांची लग्नं लावताय!" शेजारचा अल्चीदे बांधावरून ओरडायचा.

"तू तुझ्या घरची लग्नं बघ," म्हणून ओलिंतो घड कापत राहायचा.

नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या दिवशी आम्ही वील्माबाईंच्या गुत्त्यात जमतो. भाजलेले चेस्टनट, नवी वाइन, जुनी भांडणं. ओलिंतो आपली एखादी जुनी बाटली आणायचा. घोट घेऊन तोंड वेडंवाकडं करायचा, आणि मग परीक्षा पुढे ढकललेल्या विद्यार्थ्यासारखा खुलायचा. हे काय गौडबंगाल आहे, ते मी एकदा वील्माबाईंना विचारलं.

"ओन्दिना आठवते ना? स्वित्झर्लंडला घड्याळांच्या कारखान्यात गेली ती," त्या कांदा चिरता चिरता म्हणाल्या. "निघण्याआधी याच टेबलाशी याने तिला ही वाइन पाजली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, 'ओलिंतो, पिण्याजोगी झाली की कळव. लगेच परत येते.'"

"थट्टाच केली असेल."

"असेल. पण पिण्याजोगी झाली तर कळवावं लागणार. कळवलं, आणि ती आलीच नाही तर? त्यापेक्षा आंबट बरी."

ओलिंतोच्या चुलीवरच्या फळीवर तिने धाडलेलं सरोवराचं चित्र होतं. धुराने ते सरोवर केव्हाच आटलं होतं.

एका वर्षी ओलिंतोचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. त्याला तेव्हा वाकायची मनाई होती, म्हणून अल्चीदेने आदर्श शेजाऱ्याप्रमाणे त्या ओळीतली द्राक्षं ऑक्टोबरअखेर काढली आणि वाइनही स्वतःच केली. मग कितीतरी वर्षं दम धरून, एका सेंट मार्टिनला तो ती बाटली मिरवत घेऊन आला.

"काका, माझ्या हातची! आता बोला!"

सगळ्यांच्या ग्लासांत ओतली. मी घोट घेतला. रानातल्या काळ्या बेरींचा वास, मागे थोडी मिरी, आणि जिभेला कुठे खरचटलं नाही. ओलिंतोने तोंड वाकडं केलं नव्हतं. तो ग्लास धरून दाराकडे बघत होता, अगदी मुलाखतीला बोलावल्यासारखा.

अल्चीदे इतकी वर्षं कौतुकाची वाट बघत होता. त्याने ओलिंतोकडे पाहिलं, मग दाराकडे. मग जमिनीवर थुंकला.

"छ्या! आंबटढाण झालीये, काका. माझंच चुकलं."

"दात आंबले माझे," वील्माबाई म्हणाल्या. मीही जमेल तेवढं तोंड वाकडं केलं.

ओलिंतोने एकेकाचा चेहरा निरखला. मग उरलेली वाइन डोळे मिटून, अगदी सावकाश संपवली.

"अजून वेळ आहे," तो म्हणाला, आणि ग्लास पुन्हा पुढे केला.